घरचा संगणक – लेखांक ७ : शट डाऊन केलं, तरी बंद नाही

संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी अ‍ॅप्स आपण मागच्या आठवड्यात आवरली. तरी एक कोडं उरतंच. प्रिंटर दिसेनासा झाला, आवाज गेला, की कोणीही जाणकार सांगतो, ‘एकदा बंद करून चालू कर.’ तसं करावं, तर दुखणं जिथल्या तिथं. रीस्टार्ट केलं की मात्र गायब!

विंडोज ८ आली २०१२ मध्ये, आणि तिच्याबरोबर फास्ट स्टार्टअप. ही सोय चालू असेल तर शट डाऊन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉग आऊट होता. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि त्यासोबत चढलेले ड्रायव्हर जसेच्या तसे सी ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फाइलमध्ये उतरवले जातात. सकाळी बटण दाबलं की सगळं मुळापासून उभं न करता तीच फाइल मेमरीत वाचून घेतली जाते. वेळ वाचतो तो इथे, आणि काल अडकलेला ड्रायव्हर आज तसाच समोर येऊ शकतो तोही यामुळेच. रीस्टार्टला ही पळवाट नाही. त्यात कर्नेल नव्याने चढतो. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूखालचा ‘अप टाइम’ पाहा. रोज रात्री बंद होणारा संगणक तिथे अनेक दिवस सलग जागा असल्याचं दिसतं.

सेटिंग कंट्रोल पॅनेलमध्ये आहे : पॉवर ऑप्शन्स, मग डावीकडचं ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. फास्ट स्टार्टअपची चौकट फिकट दिसली तर वरच्या निळ्या ओळीवर क्लिक करा, म्हणजे ती बदलता येईल. चौकटच नसेल तर हायबरनेट बंद असण्याची शक्यता जास्त; त्याच्याशिवाय ही सोय चालत नाही.

ठेवावी की काढावी? जुनी हार्ड डिस्क असेल तर खुशाल ठेवा, फरक जाणवतो. एसएसडीवर वाचणारे थोडे सेकंद मला तरी या भानगडीच्या मोलाचे वाटत नाहीत. शेजारी लिनक्स असेल तर मात्र नक्की काढा. विंडोजने ड्राइव्ह अर्धवट झोपेत सोडलेला असतो. लिनक्स त्यावर लिहायला बहुधा नकार देतं, आणि जबरदस्ती केली तर फाइल खराब होऊ शकतात. एखाद्या वेळेपुरतंच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक केलं की पुरे.

बायॉसमधलं ‘फास्ट बूट’ हे वेगळं प्रकरण. ते मदरबोर्डचं काम. सुरुवातीच्या काही तपासण्या आणि यूएसबीची जुळवाजुळव ते टाळतं. म्हणून कधी कधी एफ२ किंवा डिलीट कितीही बडवलं तरी बायॉस उघडत नाही. तेव्हा विंडोजमधूनच शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि मग ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. आत गेल्यावर काय बदलावं आणि कशाला हात लावू नये, ते पुढच्या लेखांकात.