तान्ह्या नाकपुड्यांतील पहिले रहिवासी

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब असो की नेदरलँड्समधील एखादे शहर, मूल पहिला टाहो फोडते त्या घटकेपासून त्याच्या नाकाघशात जंतूंचे आगमन सुरू होते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या व्हेनेझुएलातील एका अभ्यासात असे दिसले, की नैसर्गिक प्रसूतीच्या बालकाच्या त्वचेवर, मुखात व नाकामागे मातेच्या जननमार्गातील जंतूंचा, तर शस्त्रक्रियेने जन्मलेल्याच्या अंगी त्वचेवरील जंतूंचा एकच सरमिसळ मेळावा असतो.

पुढे मात्र नाक आपली निवड करू लागते. महसुली भाषेत बोलायचे तर पहिला कब्जा बहुधा स्टॅफिलोकॉकसचा; परंतु काही आठवड्यांत सातबारा कोरायनेबॅक्टेरियम, डोलोसिग्रॅन्युलम वा मोरॅक्सेला यांच्या नावे चढतो. यांपैकी पहिली दोन नावे उच्चारास जड असली तरी वृत्तीने सौम्य आहेत, आणि अंगावर पिणाऱ्या मुलांत सहाव्या आठवड्यास ती अधिक आढळतात, असे 2014 च्या डच अभ्यासाने दाखविले. उलट कोपनहेगनमध्ये दम्याच्या मातांच्या 321 बालकांपैकी 21 टक्क्यांच्या घशात, महिन्याचे व निरोगी असतानाच, न्यूमोकॉकस, हिमोफिलस किंवा मोरॅक्सेला सापडले. त्यांना पुढे पाच वर्षांच्या आत घरघर व दमा अधिक झाला. जंतूंनीच दमा आणला, असे यावरून ठरत नाही, हे ध्यानी ठेवावे.

आपल्याकडे शेगडीच्या धुरात, थोरल्या भावंडांच्या शेंबड्या पाप्यांत ही वसाहत घडते. पाप्यांना माझी हरकत नाही, धुराला आहे. आणि न्हाऊ घालण्यापूर्वी आजी तेलात करंगळी बुडवून बाळाच्या नाकपुडीत जो थेंब सोडते, त्यालाही आहे, कारण ते तेल श्वासनलिकेत उतरल्यास फुफ्फुसास सूज येते.

न्यूमोकॉकसविरुद्धची लस 2021 पासून महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते: सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तर निरक्षर सुइणींनाही न्यूमोनिया ओळखण्यासाठी मण्यांच्या साध्या साधनाने बाळाचे श्वास मोजावयास शिकविले. आपणही मोजावेत: दोन महिन्यांखालील शांत पडलेल्या बाळाचा श्वास मिनिटास 60 वा अधिक वेळा चालू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.