कातडीवरच्या लालीचा माग

एका वर्गात चाळीस मुले बसतात. सतरंजी झटकली की उडणारी धूळ आणि खिडकीतून येणारे परागकण सगळ्यांच्याच नाकात जातात. अडतीस जणांना काही होत नाही. एकाला शिंकांवर शिंका येतात आणि एकाची छाती घरघरू लागते. दोष धुळीतच असता तर सर्वांनाच त्रास झाला असता. म्हणजे फरक त्या दोघांच्या शरीरात असला पाहिजे. तो नेमका कशात?

याचा पहिला धागा 1921 साली हाती आला. त्या वेळी जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊ शहरात कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर हे दोन डॉक्टर काम करीत होते. क्यूस्टनर यांना शिजवलेले मासे सोसत नसत. प्राउसनिट्झ मासे खुशाल खात. क्यूस्टनर यांचे थोडे रक्तजल प्राउसनिट्झ यांच्या कातडीत टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे गांधी उठली, भोवती लाली पसरली. अॅलर्जी रक्तजलातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, हे सिद्ध झाले. रक्तजलातल्या त्या अज्ञात घटकाला पुढे ‘रिअॅजिन’ हे नाव पडले.

नाव पडले, पण पदार्थ सापडेना. पुढची पंचेचाळीस वर्षे सापडला नाही. रक्तात तो इतका थोडा असतो की तेव्हाच्या रासायनिक चाचण्यांना त्याचा पत्ताच लागत नसे. त्याला ओळखणारे साधन एकच होते, ते म्हणजे जिवंत माणसाची कातडी.

1962 मध्ये किमिशिगे आणि टेरुको इशिझाका हे जपानी पती-पत्नी अमेरिकेतील डेन्व्हर येथे दाखल झाले. तिथे मुलांच्या दम्यासाठी रुग्णालय आणि संशोधन संस्था होती. तीव्र दम्याची मुले उपचारांसाठी तिथे दीर्घकाळ राहत. इशिझाका दांपत्याने रॅगवीड या तणाची अॅलर्जी असलेल्या रुग्णांचे रक्तजल अभ्यासाला घेतले. (रॅगवीड म्हणजे आपल्या गाजर गवताचे भाऊबंद. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली.) रिअॅजिन म्हणजे आयजीए हे आधीच माहीत असलेले प्रतिपिंड असावे, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. इशिझाकांनी रक्तजलातून आयजीए काढून टाकले, तरी कातडीवर लाली उठतच राहिली. आयजीजी, आयजीएम आणि आयजीडी या प्रकारांनीही तिचा उलगडा होईना.

मग त्यांनी जी युक्ती केली ती वर्गात अवश्य सांगण्यासारखी आहे, कारण ती मुळात वजाबाकीच आहे. सशाच्या शरीरात माणसाची प्रथिने टोचली की ससा त्या प्रत्येक प्रथिनाविरुद्ध वेगळे प्रतिपिंड तयार करतो. रिअॅजिन जास्तीत जास्त असलेला रक्तजलाचा अंश त्यांनी सशांना टोचला. सशांच्या रक्तजलात माणसाची ज्ञात प्रतिपिंडे मिसळली, तेव्हा त्यांना पकडणारी सशाची प्रतिपिंडे त्यांच्याशी जखडली जाऊन बाजूला निघाली. उरली ती कोणाविरुद्ध होती? यादीत नाव नसलेल्या कोणाविरुद्ध तरी! हे उरलेले द्रव्य रुग्णाच्या रक्तजलात घातले की त्या रक्तजलाची लाली उठवण्याची शक्ती नाहीशी होई. उलट, तेच द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात नुसते कातडीत टोचले तर लाली उठे. या चाचण्यांसाठी त्यांनी स्वतःची कातडीही वापरली.

1966 साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि नव्या प्रतिपिंडाला ‘गॅमा ई’ म्हटले. यातला ‘ई’ हा ‘एरिथेमा’, म्हणजे लाली, या शब्दाचा. त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिश यांना एका कर्करोग्याच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन विपुल सापडले होते. पडताळून पाहता दोन्ही एकच निघाली. 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याचे आयजीई हे नाव ठरले.

कथेचा उत्तरार्ध मुख्यतः टेरुको यांचा आहे. त्यांचे नाव पतीच्या मागोमाग उरकण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही. आयजीई रक्तात थोडी असते. तिची खरी जागा पेशींवर आहे. कातडी, नाक आणि श्वासनलिका यांच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर आयजीईचे रेणू घट्ट रुतून बसतात. परागकणातले प्रथिन येऊन शेजारच्या दोन रेणूंना एकदम धरते, म्हणजे त्यांच्यात पूल बांधते. तो इशारा मिळताच पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर ओतते. रक्तवाहिन्या पाझरतात, अस्तर सुजते, श्वासनलिकेचे स्नायू आवळतात. सशाचे प्रतिपिंड नुसते टोचूनही लाली का उठे, याचा खुलासा इथे होतो : तेही दोन आयजीईंमध्ये पूलच बांधत होते.

सगळाच दमा आयजीईमुळे होत नाही. गाजर गवत उपटणाऱ्याच्या हातावर उठणारा इसबही आयजीईचा नव्हे. तो पांढऱ्या पेशींच्या वेगळ्या प्रकाराचा उद्योग आहे.

1970 पासून इशिझाका बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते. शरीर आयजीई बनवणे कधी वाढवते, कधी आवरते, या प्रश्नावर किमिशिगे यांनी पुढली अनेक वर्षे घालवली. त्या वाटेने औषध हाती लागले नाही. ते आले इतरांच्या प्रयत्नांतून. आयजीईला पकडणारे ओमॅलिझुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत 2003 मध्ये मान्य झाले. पण आयजीईला पकडणाऱ्या सशाच्या प्रतिपिंडाने तर लाली उठली होती! मग हे औषध कसे? हे प्रतिपिंड आयजीईचा नेमका तो भाग धरते, जो मास्ट पेशीत रुततो. पेशीवर आधीच बसलेल्या आयजीईचा तो भाग झाकलेला असतो, त्यामुळे तिथे पूल बांधला जात नाही. रक्तात मोकळी फिरणारी आयजीई मात्र धरली जाते आणि पेशीपर्यंत पोचत नाही.

किमिशिगे 2018 मध्ये वारले, टेरुको 2019 मध्ये. ओमॅलिझुमॅब महाग आहे आणि दम्यात ते मुख्यतः तीव्र रुग्णांसाठी राखून ठेवले जाते. आपल्या वर्गातल्या घरघरणाऱ्या मुलाला बहुधा त्याची गरज पडणार नाही. त्याचे काम डॉक्टरांनी दिलेल्या साध्या इनहेलरने भागते. इनहेलरची ‘सवय लागते’ म्हणून पालक तो दप्तरात ठेवू देत नाहीत, पण या समजाला आधार नाही.