दहा मिनिटांचा जॅझ आणि सावलीतला गिटारवाला

वॉर्नर ब्रदर्सचा 1944 सालचा 'जॅमिन द ब्लूज' हा लघुपट जेमतेम दहा मिनिटांचा आहे. सुरुवातीला काळ्या पडद्यावर नुसती वर्तुळे दिसतात. ती एका चपट्या टोपीची आहेत, हे लेस्टर यंग मान वर करतो तेव्हा कळते. तो सॅक्सोफोन ओठांना लावतो, सिगारेटचा धूर चढत राहतो, आणि पुढे ना कथा येते ना विनोदी नोकर. हॅरी एडिसनचा ट्रम्पेट, इलिनॉय जॅकेचा सॅक्सोफोन, सिड कॅटलेट आणि जो जोन्स यांचे ड्रम, मेरी ब्रायंटचे गाणे, अखेरीस तिचा आणि आर्ची सॅव्हेजचा नाच, एवढाच ऐवज. जुन्या जॅझचा देखणा नमुना म्हणून हा लघुपट दाखवला जातो, आणि त्यात गैर काही नाही. पण मला तो त्याहून मोठा वाटतो. कृष्णवर्णीय कलावंताला पडद्यावर किती जागा द्यायची, याचा हॉलिवूडचा हिशेब त्याने बराचसा मोडला. जिथे मोडता आला नाही, ती जागाही त्याच्याच चौकटीत राहून गेली आहे.

हा हिशेब सरळ होता. एमजीएमच्या चित्रपटांत लीना हॉर्नची गाणी कथानकापासून सुटी ठेवली जात, म्हणजे दक्षिणेतल्या थिएटरांना ती कापून टाकता येत. 1943 च्या 'स्टॉर्मी वेदर'मध्ये सगळे कलावंत कृष्णवर्णीय होते. त्यात निकोलस बंधू एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत जिना उतरतात, त्याला आजही तोड नाही. तरी तिथेही गाण्या-नाचांना एका पातळ प्रेमकथेचा आधार लागलाच. 'जॅमिन द ब्लूज'मधून कापण्याजोगे काही उरत नाही, कारण संगीत हेच त्याचे सर्वस्व. दिग्दर्शक ग्योन मिली हा 'लाइफ' मासिकाचा छायाचित्रकार. त्याने सजावट जवळपास पुसून टाकली आणि माणूस, वाद्य व प्रकाश एवढेच ठेवले.

यावर पहिला आक्षेप असा की ही खरी मैफल नव्हेच. संगीत आधी ध्वनिमुद्रित केले गेले आणि चित्रीकरण नंतर, त्या आवाजाबरहुकूम झाले. पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्या प्रेक्षकाला यात फार धक्कादायक काही वाटू नये. शिवाय इथे पडद्यावरचा वादक मुख्यतः स्वतःच्याच वादनाला साथ देतो आहे. बोटे त्याची, सूरही त्याचेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धूर, छायाकृती आणि एकाच वादकाच्या अनेक प्रतिमा यांमुळे माणसाचे नक्षीकाम होते. काही चौकटींत तसे झालेही आहे. पण त्या काळच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय माणूस बहुधा ट्रे घेऊन उभा असे किंवा डोळे वटारून हसवत असे. त्याच्याशेजारी सुटाबुटातला, कोणाचीही मनधरणी न करता वाजवणारा लेस्टर यंग ठेवला की हा अतिरेक मला सहज माफ करावासा वाटतो.

हिशेब अडला तो बार्नी केसेलपाशी. तो गिटारवादक, आणि या ताफ्यातला एकमेव गोरा. गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र वाजवताना दिसणे स्टुडिओला नको होते. संगीताची बाजू सांभाळणारा नॉर्मन ग्रान्झ त्याला वगळायला तयार होईना. त्याच वर्षी जुलैत त्याने लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक सभागृहात जॅझची मैफल घडवली होती, आणि प्रेक्षकांची वर्णावरून विभागणी त्याला पुढेही कधी मान्य झाली नाही. अखेर केसेलला सावलीत ठेवले गेले, आणि जवळून दिसणारे त्याचे हात बेरीच्या रसाने काळपट केले, असे सांगितले जाते. मिलीच्या त्या सुंदर सावल्यांपैकी निदान एक तरी निव्वळ सौंदर्यासाठी नव्हती. म्हणूनच हा लघुपट केवळ ऐकण्याचा नाही. तो निरखून पाहायला हवा.

त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, पण पुरस्कार नाही. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत यंगला सैन्यात भरती व्हावे लागले. 1945 मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली, आणि त्याचे पुढचे कित्येक महिने लष्करी कैदेत गेले. अमेरिकेने हा लघुपट राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला तो 1995 साली.