मोटारसायकलचे मागील चाक : काढताना व बसविताना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात वस्तीवरचे दूध बहुधा मोटारसायकलनेच संकलन केंद्रावर जाते. वाटेत बाभळीचा काटा लागला की मागील चाक काढावे लागते. ड्रमब्रेकच्या गाडीसाठी पुढील क्रम पाळावा.

१) किटल्या उतरवाव्यात. इंजिन बंद करून गाडी सपाट, टणक जागी मधल्या स्टँडवर लावावी. सायलेन्सर थंड होऊ द्यावा.

२) दोन्ही बाजूंच्या चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा पाहून ठेवाव्यात. ब्रेक रॉडचा नट व ब्रेक प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट काढावा.

३) अ‍ॅक्सलचा नट काढून अ‍ॅक्सल ओढावा. बुश कोणत्या बाजूचा, हे लक्षात ठेवावे.

४) बसविताना अ‍ॅक्सल पुसून ग्रीस लावावे. दोन्ही खुणा सारख्या ठेवाव्यात. नाहीतर चाक तिरपे बसून चेन व टायर लवकर झिजतात. चेनचा ढिलेपणा बहुतेक १०० सी.सी. गाड्यांत सुमारे २ ते ३ सें.मी. असावा.

५) पट्टी व ब्रेक रॉड जोडून, ब्रेक दाबून धरून अ‍ॅक्सलचा नट आवळावा. मग पट्टीचा नट आवळून नवी स्प्लिट पिन घालावी. ही पट्टी सुटी राहिल्यास ब्रेक लावताच प्लेट फिरते, चाक जाम होते व गाडी घसरते.

शेवटी चाक हाताने फिरवून पाहावे. रिकाम्या गाडीवर सावकाश ब्रेक तपासूनच किटल्या बांधाव्यात.