गरोदरपणातील धोक्याची लक्षणे आणि निर्णयातील विलंब : नवी मुंबईच्या संदर्भात

प्रस्तावना

मातामृत्यूच्या कारणांचा विचार करताना थॅडियस व मेन यांनी १९९४ मध्ये तीन प्रकारचे विलंब मांडले : उपचार घेण्याचा निर्णय होण्यास, रुग्णालयात पोहोचण्यास आणि तेथे योग्य उपचार मिळण्यास लागणारा विलंब. महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होते. २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. नवी मुंबईसारख्या नियोजित शहरात अंतराचा प्रश्न तुलनेने सौम्य आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली येथे महानगरपालिकेची रुग्णालये आहेत. पहिला विलंब मात्र घरातच घडतो, आणि त्याचे मूळ लक्षणांच्या चुकीच्या अर्थात असते.

लक्षणांचे स्वरूप

याचे ठळक उदाहरण म्हणजे गरोदरपणातील उच्च रक्तदाब. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळून लघवीतून प्रथिने जाऊ लागल्यास त्या अवस्थेस प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. सायंकाळी पायांवर येणारी सूज बहुधा साधी असते. चेहऱ्यावर व हातांवर अचानक आलेली सूज तशी नसते. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि बरगड्यांखालची वेदना ही लक्षणे आपल्याकडे सर्रास ‘पित्त’ म्हणून सोडून दिली जातात. सुशिक्षित कुटुंबेही यास अपवाद नाहीत. पुढची पायरी झटक्यांची असते. झटके रोखण्यास मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन उपलब्ध आहे, परंतु ते रुग्णालयातच द्यावयाचे असते.

अंगावरून रक्त जाणे केव्हाही दुर्लक्षणीय नाही. वार गर्भाशयाच्या मुखाशी असल्यास रक्तस्राव वेदनारहित असतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. उलट, वार वेळेपूर्वी सुटल्यास तीव्र पोटदुखी होते व रक्त आतच साचू शकते. बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून धोक्याचे मोजमाप करणे त्यामुळे फसवे ठरते. बाळाची हालचाल मंदावणे, कळांपूर्वी पाणमोट फुटणे, थंडी वाजून ताप येणे, बसल्याजागी धाप लागणे यांसाठीही त्याच दिवशी तपासणी आवश्यक असते.

स्थलांतर व नोंदी

सातारा, सांगली आदी जिल्ह्यांतून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा आहे. अशा वेळी तपासण्या शहरात आणि प्रसूती गावी, असे विभाजन होते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नसल्यास आधीचा रक्तदाब व हिमोग्लोबिन यांची तुलना करणे नव्या डॉक्टरांना अशक्य होते. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या स्त्रीस थोडा रक्तस्रावही झेपत नाही, ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते.

खर्चाची भीती हेही निर्णय लांबण्याचे एक कारण असते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे व वाहतूक विनामूल्य आहे. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत मोफत तपासणी होते. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागविता येते.