रक्ताचा कर्करोग आणि रोजची गोळी

आमच्या शाळेंतील नववीच्या वर्गांतला एक विद्यार्थी गेल्या वर्षीं अधूनमधून न सांगतां गैरहजर राहूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास वर्गासमोर उभें करून चांगलेंच खडसावलें. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो आमच्याजवळ आला आणि खिशांतून गोळ्यांचें एक पाकीट काढून म्हणाला, "सर, यावर इंग्रजींत काय लिहिलें आहे, तें वाचून दाखवाल काय?" त्याच्या वडिलांस रक्ताचा कर्करोग झाला होता. ठरलेल्या दिवशीं तो त्यांच्याबरोबर पहांटेच्या बसनें नागपुरास इस्पितळांत जात असे. घरांत वाचतां येणारा तो एकटाच. आम्हांस जी लाज वाटली, ती येथें लिहून दाखविण्याजोगी नाहीं. परंतु त्या पाकिटानें आम्हांस बरेंच वाचावयास लाविलें, आणि तें आपल्या मौद्याच्या घराघरांत ठाऊक असावें असें वाटल्यावरून, त्या कुटुंबाची अनुमति घेऊन, हा लेख लिहीत आहों.

कर्करोग म्हटला कीं शस्त्रक्रिया, शिरेंतून चढविलेलें औषध आणि गळालेले केस एवढेंच लोकांच्या डोळ्यांपुढें येतें. परंतु कांहीं कर्करोगांवर आतां घरीं बसून गिळावयाची गोळी असते. अशा गोळ्यांपैकीं पहिल्या नामांकित गोळीचें नांव इमॅटिनिब. ज्या रोगावर ती मुख्यत्वें देतात, त्यास डॉक्टर 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' अथवा थोडक्यांत 'सी. एम. एल.' म्हणतात. यांत हाडांतील मगजांत पांढऱ्या रक्तपेशी बेसुमार उत्पन्न होतात.

त्या कां होतात, याची हकिगत मोठी मनोरंजक आहे. आपल्या शरीरांतील बहुतेक पेशींत 46 गुणसूत्रें असतात. 1960 साली अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांस या रोग्यांच्या पेशींतलें एक गुणसूत्र तोकडें आढळलें. पुढें 1973 साली शिकागोच्या जॅनेट राउली या विदुषींनीं दाखविलें कीं, 9 व्या व 22 व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल झालेली असते. या चुकीच्या जोडणीमुळें एक विकृत प्रथिन तयार होतें, व तें पेशीस 'वाढ, वाढ' असा हुकूम अखंड देत राहतें. पेंचच्या कालव्याचें दार आपण पाहिलेंच आहे. धानाला पाणी हवें तेव्हां तें उघडतात व पुरें झालें कीं पाडतात. तेंच दार वरच अडकून राहिलें तर बांध्या फुटून पीक वाहून जाईल. या रोगांत तसें होतें. इमॅटिनिब ही त्या दारांत ठोकलेली पाचर समजा. ती त्या विकृत प्रथिनाच्या नेमक्या खांचेंत बसते आणि हुकूम थांबविते. जुनीं औषधें वाढणाऱ्या चांगल्या व वाईट पेशींस सारखींच मारीत. हिचा नेम पुष्कळसा ठरलेला असतो, म्हणून केस सहसा जात नाहींत व बहुतेकांस नित्याचें काम करतां येतें. ब्रायन ड्रुकर या डॉक्टरांनीं 1998 साली ती रोग्यांस देऊन पाहण्यास आरंभ केला, आणि 2001 च्या मे महिन्यांत अमेरिकेंत तिला मान्यता मिळाली. पुढें ज्या मोठ्या पाहणींत ही गोळी घेणाऱ्यांचा हिशेब ठेवला, तींत दहा वर्षांनंतर सुमारें 83 टक्के रोगी हयात होते.

परंतु पाचर काढली कीं दार पुन्हां वर जातें. शरीर या औषधाचा अर्धा भाग सुमारें 18 तासांत नाहींसा करितें. म्हणून ती रोज, ठरल्या वेळीं, डॉक्टरांनीं सांगितलेल्या मापानेंच घ्यावी लागते. रोगाच्या पहिल्या अवस्थेंत प्रौढांस हें माप बहुधा दिवसांतून एकदां 400 मिलिग्रॅम असतें. आमच्या विद्यार्थ्याचे वडील येथेंच चुकले. औषध सुरू होऊन वर्ष लोटलें, ताप गेला, पोटांतला जडपणा गेला, रोवणीचे दिवस आले, आणि "आतां तर मी बरा आहें" म्हणून ते एक दिवसाआड गोळी घेऊं लागले. पाकीटही दुप्पट दिवस पुरूं लागलें. इस्पितळांत मात्र "रोज घेतों" असेंच ते सांगत. रक्ताच्या तपासणींत त्या विकृत जनुकाचें प्रमाण मोजतात. तें वाढलेलें दिसलें आणि बिंग फुटलें. तेथील डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं मुलाकडे पाहून एवढेंच विचारलें, "घरीं गोळी कोण मोजतो?"

हा प्रश्न आम्हांस मर्माचा वाटतो. इस्पितळांत औषध परिचारिका देते व नोंद करिते; घरच्या गोळीस असा कोणी राखणदार नसतो. लंडन येथें 87 रोग्यांच्या गोळ्यांच्या डब्यांस टोपण केव्हां उघडलें याची नोंद करणारें सूक्ष्म यंत्र बसविलें होतें. तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्यांनीं शेंकडा 90 हून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यांत रोग खोलवर दबण्याचा संभव सहा वर्षांत 94.5 टक्के होता. ज्यांनीं त्याहून कमी घेतल्या त्यांच्यांत अवघा 28.4 टक्के. महिन्याच्या तीस गोळ्यांतून तीनांहून अधिक चुकल्या कीं माणूस दुसऱ्या रांगेंत जाऊन बसतो, हें गणित सातवींतलें मूलही करूं शकेल.

औषध कायमचें थांबवितां येत नाहीं काय? कांहींस येतें. फ्रान्समध्यें दोन वर्षें किंवा अधिक काळ रोगाचा मागमूस न दिसलेल्या सुमारें शंभर रोग्यांचें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं थांबविलें. अर्ध्याहून अधिकांत रोग पुन्हां दिसूं लागला, तोही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. मात्र वारंवार तपासणी चालूं असल्यामुळें तो लगेच पकडतां आला. आपल्या मनानें थांबविणारास ही सोय कोठली?

आतां घेण्याची रीत. गोळी भरल्या पोटीं, जेवतांना, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. उपाशीपोटीं ती मळमळ व उलटी आणते. एकादशी असो, रोजा असो कीं आम्हां ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ असो, काय करावें तें आधीं डॉक्टरांस विचारावें. परस्पर गोळी बुडवूं नये. एखादी वेळ चुकली आणि त्याच दिवशीं आठवण झाली तर घ्यावी. दुसऱ्या वेळेची घटका जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम कधींही घेऊं नयेत. गोळीनंतर उलटी झाली तरी आपल्या विचारानें दुसरी घेऊं नये. गिळवत नसेल तर ती पाण्यांत विरवून तेव्हांच पितां येते, परंतु घरांतील गर्भवती स्त्रीनें फुटलेली गोळी हाताळूं नये. गर्भारपणीं ही गोळी गर्भास अपाय करूं शकते, व अंगावर पाजणाऱ्या आईनेंही ती घ्यावयाची नसते. म्हणून तरुण स्त्रियांनीं संकोच सोडून ही गोष्ट डॉक्टरांशीं आधीं बोलावी.

दुसऱ्या औषधांशीं हिचें भांडण फार. क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा फेफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांनीं हिचा जोर बराच कमी होतो. कांहीं बुरशीनाशक व जंतुनाशक औषधांनीं तो भलताच वाढतो. ग्रेपफ्रूट नांवाच्या फळाचा रसही तसाच, आणि पपनस त्याच कुळांतलें असल्यानें तेंही टाळावें. आपल्या नागपुरी संत्र्यावर हा आरोप नाहीं, हें सांगतांना आम्हांस समाधान वाटतें! तापाची साधी गोळी असो कीं वैद्याचें चूर्ण, विचारल्यावांचून घेऊं नये. आणि ज्यानें चूर्ण घेतलेंच असेल, त्यानें तें लपवूं नये.

सकाळीं डोळ्यांभोंवतीं सूज येणें, पायांत गोळे येणें, पोट सैल होणें हे त्रास पुष्कळांस होतात; ते डॉक्टरांस सांगावे, म्हणजे उपाय निघतो. ताप, रक्तस्राव, काळा शौच, डोळे पिवळे होणें, धाप लागणें, एकाएकीं वजन वाढणें, यांपैकीं कांहींही झालें तर पुढल्या तारखेची वाट पाहूं नये.

किंमतीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. एके काळीं मूळ कंपनीचें हें औषध महिन्यास सुमारें 1,20,000 रुपयांस पडे; तेंच देशी कंपन्या 8,000 ते 10,000 रुपयांस देत. मूळ कंपनी अनेक रोग्यांस तें फुकट देत असे, हेंही खरें. परंतु पेटंट तिला मिळालें असतें तर देशी गोळी बंद पडली असती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेनें त्यास हरकत घेतली, खटला वर्षानुवर्षें चालला, आणि 1 एप्रिल 2013 रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति आफताब आलम व न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई यांनीं कंपनीची मागणी फेटाळली. जुन्या द्रव्याचें केवळ नवें रूप, गुण वाढल्याचा पुरावा नसतां, पेटंटास पात्र नाहीं, असा पेटंट कायद्याच्या कलम 3 (डी) चा अर्थ त्यांनीं लाविला. एवढ्या झगड्यानें स्वस्त राहिलेली गोळी घरच्या फळीवर पडून राहावी, याचें आम्हांस वाईट वाटतें.

फळीवरूनच आठवलें. आपल्याकडील वैशाखांत पत्र्याखालची फळी तव्यासारखी तापते. गोळ्या पाकिटांतच, चुलीपासून व उन्हापासून दूर, कोरड्या कपाटांत, लहान मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवाव्या.

त्या विद्यार्थ्यानें आतां स्वयंपाकघराच्या दाराशीं दिनदर्शिका टांगली आहे. रात्रीं वडिलांचें जेवण होतांच तो तारखेवर पेन्सिलीनें फुली मारतो, आणि पाकिटांत दहा गोळ्या उरल्या कीं त्या तारखेभोंवतीं वर्तुळ काढतो. कारण पावसाळ्यांत एखादे दिवशीं नागपूरची बस चुकली तरी गोळी चुकूं नये. गेल्या दोन तपासण्यांत आंकडा खालीं आला आहे. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें त्या दिवसांची रजा आम्ही आतां आधींच लिहून ठेवतों.