गोंदण परतले, त्याची रीत परतली नाही

एका पिढीने जे लाजून झाकले तेच पुढच्या पिढीने हौसेने मिरवावे, असे समाजाच्या व्यवहारात अनेकदा घडते. गोंदणाचे सध्या नेमके हेच झाले आहे. शिकलेल्या मुलीच्या कपाळावर हिरवा ठिपका शोभत नाही, नोकरी करणाऱ्या मुलाच्या मनगटावर नाव गोंदलेले बरे दिसत नाही, असे म्हणत ज्या घरांनी गोंदणारणीला दारातून परत पाठवले, त्याच घरांतील नातवंडे आज हजारो रुपये मोजून दंडावर, मानेवर, घोट्यावर टॅटू काढून घेत आहेत. पालघर तालुक्यातील केळवे-माहीमच्या बागायती पट्टीत, सातपाटीच्या कोळीवाड्यात आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वस्तीत ही हौस मुंबईइतकीच रुजली आहे. लोकल गाड्या २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्यानंतर मुंबईची कोणतीही आवड येथे पोहोचायला फारसा विलंब लागत नाही. या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र जुन्या गोंदणाबरोबर जी एक पक्की रीत होती ती मागेच राहिली आणि केवळ चित्र परत आले, याची दखल घेतली पाहिजे.

जुने गोंदण म्हणजे काही नुसती नक्षी नव्हती. भटक्या जमातींतील बाया गावोगाव, वाडीवाडीवर हिंडत. दोन-चार सुया एकत्र बांधून त्या काजळीच्या रंगात बुडवायच्या आणि कातडीवर टोचत टोचत तुळस, विंचू, मोर किंवा साधे ठिपके उमटवायचे, अशी ती पद्धत. रक्त पुसून वर हळद किंवा तेल लावले जाई. मोबदला म्हणून सुपातून धान्य, एखादे जुने लुगडे, जमल्यास चार आणे. पोरीने रडू नये म्हणून गोंदणारीण बोलत राही, गात राही; आजूबाजूला चार बायका बसलेल्या असत. वेदना एकटीने सोसायची नाही, असा त्यातला अलिखित संकेत होता. लग्नापूर्वी गोंदून घेणे अनेक समाजांत आवश्यक मानले जाई. दागदागिने मेल्यावर अंगावरून उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही त्यामागची श्रद्धा महाराष्ट्रभर आढळते. ज्या बाईच्या अंगावर आयुष्यात सोन्याचा मणी चढण्याची शक्यता नव्हती, तिला ही श्रद्धा किती मोलाची वाटत असेल हे वेगळे सांगायला नको.

गोंदणाला औषध मानण्याचीही चाल होती. दुखऱ्या गुडघ्यावर किंवा मनगटावर ठिपके टोचून घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना शहरी पाहुणे हसत. तथापि १९९१ मध्ये आल्प्स पर्वताच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या मनुष्यदेहावर ६१ गोंदणखुणा मोजण्यात आल्या आणि त्यांतील बऱ्याच खुणा झिजलेल्या सांध्यांजवळ व कमरेवर आढळल्या, तेव्हा अभ्यासकांनाही उपचाराचीच शंका आली. या उपायाने सांधे बरे होतात असे यावरून ठरत नाही. परंतु वाडीवरच्या म्हातारीची समजूत ही तिच्या एकटीच्या अडाणीपणातून आलेली नव्हती, एवढे निश्चित.

आजचा टॅटू यंत्राने काढला जातो. एडिसनने १८७६ मध्ये प्रती काढण्यासाठी विजेवर चालणाऱ्या एका लेखणीचे एकस्व घेतले होते. तिच्याच तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये गोंदण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले. यंत्राने वेग वाढला, रंग वाढले. कातडीच्या आत घडते ते मात्र पूर्वीचेच. सुई वरचा पापुद्रा ओलांडून खालच्या थरात रंगाचे कण सोडते. शरीराच्या लेखी हा परक्याचा शिरकाव असतो, म्हणून रक्षक पेशी धावून येतात आणि ते कण गिळतात. पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात तेव्हा सुटलेला रंग शेजारच्या नव्या पेशी पुन्हा गिळतात, असे फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवले. ज्याला आपण कायमचे म्हणतो ते पेशींनी एकमेकींच्या ओटीत टाकलेले ओझे असते. काजळी काळी असूनही जुने गोंदण हिरवट-निळे का दिसते, याचेही उत्तर कातडीतच आहे. खोलवरचे काळे कण प्रकाश शोषून घेतात, वरच्या थरांत विखुरलेला निळा प्रकाश तेवढा परततो आणि डोळ्याला निळसर छटा भासते.

याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की टॅटू ही जखम आहे, आणि जखमेसारखीच तिची निगा राखली पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस लस झरते, आठवड्याभरात खपल्या धरतात, वरची कातडी जुळून यायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि आतला भाग पूर्ववत होण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. या काळात स्वच्छ पाण्याने व सौम्य साबणाने धुणे, फडक्याने घासण्याऐवजी टिपून घेणे, मलमाचा पातळ हात फिरवणे आणि खपली न उचकटणे, एवढेच पथ्य आहे. खाज सुटते तेव्हा हेच सर्वांत अवघड जाते. मोबाइलवरून हिंडणारे सल्ले मात्र हळदीपासून दात घासण्याच्या पेस्टपर्यंत काहीही लावायला सांगतात. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते; ती उघड्या जखमेवर दाबण्यात शहाणपण नाही, मग ती आजीने सांगितलेली असली तरी.

या किनाऱ्यावर तर पथ्य अधिकच कडक हवे. टॅटू शनिवारी काढावा आणि रविवारी केळव्याच्या समुद्रात डुंबावे, हा तरुणांचा सहज कार्यक्रम असतो. २०१७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले एक उदाहरण त्यांना सांगण्यासारखे आहे. यकृताचा जुना विकार असलेला ३१ वर्षांचा एक माणूस पायावर टॅटू काढल्यानंतर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला. उबदार खाऱ्या पाण्यातील जिवाणू जखमेतून आत शिरला आणि सुमारे दोन महिन्यांनी तो माणूस दगावला. असा शेवट विरळा, आणि यकृत धड असणाऱ्याला एवढे भय नाही. परंतु ज्याला रोज होडीवर जायचे आहे, पानवेलीच्या ओलाव्यात वाकून काम करायचे आहे किंवा कारखान्यात रसायनांची पिंपे हाताळायची आहेत, त्याने आपले काम पाहून जागा आणि वेळ ठरवावी, हे सांगायला वैद्यकशास्त्राचीही गरज नाही. लाली पसरत गेली, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका उतरण्याऐवजी वाढला, पू झाला किंवा ताप भरला तर टॅटूवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

सुईचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. एकाच सुईने अनेकांना टोचले तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे वाळलेल्या रक्ताचा न दिसणारा डागही निर्धोक नसतो. दुकानात निदान सुईचे पाकीट समोर फोडण्याचा आग्रह धरता येतो. जत्रेत बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन बसलेल्या माणसापुढे दहा जणांची रांग असते, तिथे कोणी कोणाला विचारत नाही. टॅटू काढल्यावर पुढे १२ महिने रक्तदान करता येत नाही, असे रक्तदात्यांच्या निवडीविषयीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्तदान शिबिराच्या रांगेत बाही वर केल्यावर हे कळण्यापेक्षा दुकानातच कळलेले बरे.

तथापि या भागातील तरुणाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडणारी गोष्ट आरोग्याची नव्हे, भरतीची आहे. सैन्यदलाचा नियम असा की कायमचे गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतच्या भागावर किंवा तळहाताच्या मागील बाजूस असेल तरच चालते. इतरत्र आढळल्यास उमेदवार बाद होतो. निमलष्करी दलांत सलाम न करणाऱ्या डाव्या हातालाच सूट आहे, आणि तेथेही आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशाहून कमी असावा लागतो. पहाटे माहीमच्या किनाऱ्यावर किंवा पालघरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असेल? लेसरने टॅटू काढून टाकता येतो असे दुकानदार सांगतात. ते खरे आहे. पण त्यासाठी कित्येक खेपा आणि मूळ खर्चाच्या अनेक पट पैसा लागतो, शिवाय खूण पूर्णपणे जाईलच याची हमी नसते. आदिवासी जमातींच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाला सैन्यदलात एकेका प्रकरणाचा विचार करून सवलत मिळते. पण ती रूढीला आहे. वारली तरुणाने दुकानात जाऊन मानेवर गरुड काढून घेतला तर तो रूढीत कसा बसावा?

वारल्यांचा उल्लेख आला तेव्हा दुसऱ्या एका गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच्या कितीतरी आधीच वारली चित्र घराच्या कुडावरून कागदावर, कागदावरून साडीवर आणि चहाच्या कपावर आले होते. आता ते कातडीवरही आले आहे. तारपा नाचाचे वर्तुळ मनगटाभोवती गुंफून घेणारी शहरी मुले-मुली बरीच दिसतात. नाचाचे, शेतीचे, झाडाचे चित्र कोणी घेतले तर त्यात कोणाची हानी नाही. उलट आपले चित्र कोणाला तरी आवडले याचा आनंदच वारली माणसाला होईल. लग्नातल्या देवचौकाची गोष्ट वेगळी. तो सवाशिणी लिहितात, धवलेरी गाते, आणि मधोमध पालघट देवी विराजमान होते. तो चौक विशिष्ट घरातल्या विशिष्ट लग्नाचा असतो. तो पोटरीवर काढून घेऊन समुद्रकिनाऱ्यावर हिंडणे हे निदान असभ्य आहे. न्यूझीलंडच्या माओरींनी यावर तोड काढली. वंश आणि कूळ सांगणारे ते मोको, आणि परक्या माणसासाठी केलेले, तशाच वळणाचे पण कोणाचे कूळ न सांगणारे ते किरितुही, असा भेद ते करतात. असा भेद वारली चित्रकारांनीच ठरवून दिला तर टॅटू काढणाऱ्यालाही आधार मिळेल, आणि नक्षीचे चार पैसे मूळ हातांकडे वळण्याची वाटही निघेल.

अर्थ विचारण्याची नवी खोड हाही शिष्टाचाराचाच विषय आहे. कोणाच्या हातावर काही दिसले की ‘याचा अर्थ काय’ असे विचारण्याची पद्धत पडली आहे. जणू प्रत्येक गोंदणाने खुलासा देणे बंधनकारक आहे. मेलेल्या भावाचे नाव, मोडलेल्या लग्नाची तारीख, शस्त्रक्रियेचा व्रण झाकणारे फूल, यांचा खुलासा अनोळखी माणसाला का द्यावा? ताज्या टॅटूला बोट लावून पाहणे हा तर अडाणीपणाच. दुसऱ्याने स्वतःसाठी करवून घेतलेल्या चित्राचा फोटो काढून तसेच आपल्या अंगावर उतरवणे हौशी मंडळींत गैर मानले जाते, आणि ते योग्यच आहे. हाच संकोच बाजाराला आलेल्या आदिवासी वृद्धेच्या बाबतीत मात्र गळून पडतो. तिच्या हातांची छायाचित्रे न विचारता घेतली जातात. ती पदर ओढून घेते, तेवढे उत्तर पुरेसे असते. पण ते वाचता आले पाहिजे.

बोईसरमध्ये याची एक निराळीच बाजू दिसते. १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि पोटासाठी उत्तर प्रदेश-बिहारातून कुटुंबे आली. त्यांच्यातील वयस्क स्त्रियांच्या हातावरही गोदना असतो, आणि बिनगोदन्याच्या सुनेविषयी त्यांच्याकडच्या समजुती येथल्यांहून फार वेगळ्या नाहीत. भाषा, देव, जेवण यांवरून परके ठरलेल्या दोन बायका पाण्याच्या नळावर एकमेकींचे हात निरखू शकतात. अशा गोष्टीची नोंद कोणी करत नाही.

राहिला प्रश्न शाईचा. आजच्या रंगीत शाईतील अनेक रंगद्रव्ये मुळात वाहनांच्या रंगासाठी, प्लास्टिकसाठी किंवा छपाईसाठी बनलेली असतात. तांबड्या रंगाची बाधा इतरांपेक्षा अधिक वेळा होते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे २०२५ च्या आरंभी कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांनी शाईच्या नमुन्यांत धातू आढळल्याचे सांगून केंद्राने नियम करावेत अशी मागणी केली. नियम व्हायचे तेव्हा होतील. त्यांची वाट न पाहताही काही करता येते. टॅटूच्या दुकानाची स्थानिक संस्थेकडे नोंद असावी, ग्राहकाच्या वयाचा पुरावा पाहिला जावा, वापरलेल्या सुया दवाखान्यातल्या सुयांप्रमाणेच वेगळ्या डब्यात जाव्यात, आणि भरतीचा तो नियम दुकानाच्या भिंतीवर मराठीत व हिंदीत ठळक लावावा. भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गांनीही तो पहिल्याच दिवशी वाचून दाखवावा.

जत्रांपासून आरंभ करणे सोपे जाईल. चैत्र पौर्णिमेला डहाणूजवळच्या विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा भरते आणि पंधरवडाभर चालते. पालघर, डहाणू, जव्हारपासून गुजरातपर्यंतचे लोक तेथे येतात. पाळणेवाल्याला, मिठाईवाल्याला जागा देताना अटी घालता येतात, तशीच गोंदणाऱ्यालाही घालता येईल: प्रत्येक माणसासाठी नवी सुई, आणि ती त्याच्यादेखत पाकिटातून काढलेली.